मांडवामागची उमेदवारी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



चिटणीसांनी मला या प्रसंगी विद्यार्थ्यांना ‘दोन शब्द’ सांगावेत असे सुचविले. मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. दोन शब्दांवर थांबणे शिक्षकाच्या स्वभावात नसते, हे त्यांनी ध्यानात घेतलेले दिसत नाही. शिक्षणाने मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. मोठमोठ्या विद्यांविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून ज्या गोष्टीत माझ्या हातून चूक घडली आणि जी मला उतारवयात माझ्या पुतणीकडून शिकावी लागली, तेवढ्याच गोष्टीविषयी मी आज बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे समारंभाची व्यवस्था.

माझी पुतणी पुण्याच्या एका महाविद्यालयात वृत्तविद्या व जनसंपर्क हे विषय घेऊन शिकत होती. पदवीच्या शेवटच्या वर्षी तिला दोन महिने एका जनसंपर्क कंपनीत ‘इंटर्न’ म्हणून जावे लागले. हा शब्द आमच्या घरात नवा होता. मी तिला म्हटले, “अग, याला आपल्याकडे उमेदवारी म्हणतात.” हल्ली उमेदवार म्हटला की निवडणुकीचाच आठवतो, परंतु आमच्या वडिलांच्या पिढीत कचेरीत बिनपगारी बसून काम शिकणाऱ्यास उमेदवार म्हणत, आणि तो पुढे कारकून झाला म्हणजे घरात पेढे वाटीत.

जनसंपर्क ही विद्या तशी फार जुनी नव्हे. अमेरिकेत आयव्ही ली नावाच्या गृहस्थाने १९०६ साली, वृत्तपत्रांस खरी व वेळेवर माहिती पुरवू, अशा आशयाचे तत्त्वपत्रक प्रसिद्ध केले. तेथून या व्यवसायाची सुरुवात सांगतात. पुढे एडवर्ड बर्नेज याने समारंभ घडवून बातमी निर्माण करण्याची युक्ती परिपूर्णतेस नेली. १९२९ च्या ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर काही तरुणींनी उघड्यावर सिगारेटी पेटविल्या, आणि ते स्त्रीस्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून गाजले. मागे होती एक तंबाखू कंपनी आणि तिचा सल्लागार बर्नेज. मला विचाराल तर ही बुद्धिमत्तेची विटंबना होय. पुतणीला मात्र त्यात दुसरेच दिसले. ती म्हणाली, “काका, कोणी किती वाजता रस्त्यावर यायचे, छायाचित्रकार कुठे उभे राहायचे, हे सगळे आधी कुणीतरी लिहून काढलेच असेल ना? ते लिहिणाऱ्याचे नाव पुस्तकात नाही.” त्या वेळी मी तिचे बोलणे हसण्यावारी नेले.

कंपनीत जाताना तिची कल्पना अशी होती की आपण लेख लिहू, संपादकांना भेटू, चार मोठ्या माणसांत वावरू. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी तिच्या हाती दूरध्वनीच्या क्रमांकांची यादी ठेवण्यात आली. एका पाणीशुद्धीकरण यंत्राचे अनावरण शहरातील एका हॉटेलात व्हावयाचे होते. त्यासाठी शंभराहून अधिक पत्रकारांना व पाहुण्यांना निमंत्रण पोचले की नाही, ते येणार की नाही, शाकाहारी की मांसाहारी, गाडी आणणार की नाही, हे विचारावयाचे. ‘येतो’ म्हणणारा येतोच असे नाही, आणि ‘बघू’ म्हणणारा दोन सोबती घेऊन येतो, हा तिचा पहिला धडा. लग्नाच्या पंगतीचा अंदाज बांधणाऱ्या आपल्या आजीला हे ठाऊक होते; पदवीच्या अभ्यासक्रमात ते नसावे.

दुसरा धडा घड्याळाचा. समारंभ पाऊण तासाचा आणि त्याची मिनिटवार कार्यक्रमपत्रिका चार पानांची. अमुक मिनिटाला दिवे मंद, अमुक मिनिटाला पडद्यावर चित्रफीत, त्यानंतर पाहुणे कोणत्या बाजूच्या पायऱ्यांनी चढणार, त्यांच्या हाती कात्री कोण देणार. पत्रकार परिषद दुपारपूर्वी का ठेवतात, हे तिला तेथे कळले: संध्याकाळी उशिरा घडलेली गोष्ट उद्याच्या अंकात बसणे कठीण. ध्वनिक्षेपक रिकाम्या सभागृहात तपासला तर तो खणखणीत वाजतो. तेच सभागृह माणसांनी भरले की आवाज कपड्यांत जिरतो आणि मागच्या रांगा कुरकुरू लागतात. विद्युत्जनित्र भाड्याने आणणे पुरत नाही. वीज गेल्यावर ते चालू करणारा माणूस त्या घटकेस चहा प्यावयास गेलेला नसावा, हीही व्यवस्थाच होय. समईचे तर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वाती आधी तेलात भिजवून ठेवावयाच्या, दीपप्रज्वलनापुरता वरचा पंखा बंद करावयाचा, मेणबत्ती व आगपेटी तबकात ठेवावयाची. ही आगपेटी विसरल्यामुळे प्रमुख पाहुण्यांच्या खिशातून लायटर मागावा लागलेला मी आपल्याच मंडळात पाहिला आहे. नाव सांगत नाही.

असे तीन आठवडे गेले. ती रात्री दमून येई, पायांना गोळे आलेले असत. पण तक्रार करीत नसे. मग तो समारंभ आला.

समारंभाच्या तीन दिवस आधी प्रमुख पाहुणे बदलले होते. ज्या वरिष्ठाला हे कळले त्याने ते निवेदकाला सांगितले, हॉटेलला सांगितले. स्मृतिचिन्हावर नाव कोरून आणण्याचे काम ज्या मुलीकडे होते, म्हणजे आमच्या पुतणीकडे, तिला सांगावयाचे राहिले. व्यासपीठावर पाहुण्यांनी स्मृतिचिन्ह हाती घेतले, कौतुकाने वाचले, आणि त्यावर भलत्याच गृहस्थाचे नाव. समोर छायाचित्रकार उभे. पाहुणे सज्जन असावेत. त्यांनी नावावर बोटे ठेवून छायाचित्र काढू दिले. परंतु समारंभानंतर त्या वरिष्ठाने ग्राहक कंपनीच्या लोकांदेखत तिच्याकडे बोट दाखवून सांगितले, “ही नवीन मुलगी आहे, हिच्याकडून झाले.” ज्याच्या मौनातून चूक उपजली, त्यानेच ती दुसऱ्याच्या पदरात टाकली. असे लोक सर्वच क्षेत्रांत असतात. शिक्षण खातेही त्याला अपवाद नाही.

त्या रात्री ती घरी आली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. माझा धाकटा भाऊ दारातच उभा होता. तिच्या डोळ्यांतले पाणी पाहून तो म्हणाला, उद्यापासून जावयाचे नाही. दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले. घरातला थोरला म्हणून माझे मत विचारले गेले, आणि मीही प्रामाणिकपणे सांगितले की सोडून द्यावे. पदवीधर होऊ घातलेल्या मुलीने खुर्च्या मोजाव्यात, पाण्याच्या बाटल्या मांडाव्यात आणि वर बोलणी खावीत, यात कसले आले आहे शिक्षण? अशा शब्दांत मी बोललो. वहिनी काही बोलल्या नाहीत. पुतणी म्हणाली, “काका, सोडायचे तर सोडते. पण चूक नेमकी कुठे झाली ते मला आधी शोधून काढू द्या. नाहीतर ती माझीच होती असे मला जन्मभर वाटेल.”

तिने ते शोधले. पाहुण्यांच्या याद्या तीन होत्या: एक कचेरीतील संगणकात, एक हॉटेलकडे दिलेली, आणि एक त्या वरिष्ठाच्या भ्रमणध्वनीत. तिन्ही वेगळ्या. तिने एक कागद लिहून कंपनीच्या प्रमुखबाईंपुढे ठेवला. त्यात कोणाविरुद्ध तक्रार नव्हती. यादी एकच असावी, तिच्या माथ्यावर तारीख व वेळ असावी, बदल एकाच व्यक्तीने करावा, आणि बदल झाल्याबरोबर जुनी प्रत फाडावी, एवढेच त्यात होते. बाईंनी तो कागद ठेवून घेतला. झाल्या प्रकाराबद्दल कोणी तिची क्षमा मागितली नाही. ती मात्र पुन्हा जाऊ लागली. भावाने आठ दिवस तिच्याशी अबोला धरला.

आता मी माझ्याकडे वळतो. त्याच वैशाखात आमच्या नात्यातील एका लग्नासाठी मी माझा कोट पेटीतून काढला. आतल्या खिशात एक चौघडी केलेला कागद सापडला. तो आपल्या मंडळाच्या गुणगौरवाचा अर्ज होता, गुणपत्रिकेच्या प्रतीसह.

मागील मार्गशीर्षातील एका लग्नात एका भगिनीने तो माझ्या हाती दिला होता. दूरच्या खेड्यातील बाई. मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला. त्या वर्षी गुणगौरवाची व्यवस्था मजकडे होती. मी अर्ज खिशात ठेवला, जेवणाच्या पंगतीला बसलो, आणि कोट घरी जाऊन पेटीत पडला. संमेलनाच्या दिवशी ती बाई मुलाला घेऊन दोन एस.टी. बदलून आली. मुलाने नवा सदरा घातला होता. घड्या तशाच दिसत होत्या. शेवटचे नाव वाचून होईपर्यंत दोघे बसून होती. मग ती मजपाशी आली व हळूच विचारू लागली. मी तिला काय सांगितले ठाऊक आहे? “तुमचा अर्ज आलाच नाही.” मी ते बुद्ध्या खोटे बोललो नाही, मला खरोखरच आठवत नव्हते. परंतु तिला आठवत होते. स्वतःच्या हाताने जो कागद तिने मला दिला होता तो आला नाही, असे मी तिला तोंडावर सांगत होतो, आणि ‘गुरुजी, तुम्हालाच दिला होता’ एवढे म्हणावयास तिची जीभ उचलली नाही. “बरं गुरुजी,” म्हणून ती मुलाला घेऊन गेली.

हा कागद मी प्रथम पुतणीलाच दाखविला. तिने विचारले, “काका, तुमच्याकडे याद्या किती होत्या?” मी म्हटले, “एकही नव्हती.” खुर्च्या मोजण्यात कसले आले आहे शिक्षण, हे माझे वाक्य तिने मला ऐकवून दाखविले असते तर ते मला सोपे गेले असते. तिने ते उच्चारले नाही.

पुढील रविवारी आम्ही दोघे त्या खेड्यास गेलो. मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दाखल झाला होता, त्यामुळे भेटला नाही. मी झालेली गोष्ट जशीच्या तशी सांगितली. बाईंनी चहा केला. त्या विषयावर त्या बोलल्या नाहीत. निघताना एवढेच म्हणाल्या की त्या दिवशी परतताना मुलगा गाडीत बोलला नव्हता.

येथे मला एक थोर उदाहरण आठवते. १९०१ च्या डिसेंबरात कलकत्त्यास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले होते; अध्यक्ष होते दिनशा वाच्छा. दक्षिण आफ्रिकेहून आलेले बॅरिस्टर मोहनदास गांधी तेथे हजर होते, वय बत्तीस. त्यांनी चिटणीस घोषालबाबूंकडे जाऊन काम मागितले. घोषालबाबूंनी साचलेल्या पत्रांचा ढीग त्यांच्यापुढे ठेवला. गांधीजींनी तो निपटला. पुढे ते घोषालबाबूंच्या सदऱ्याची बटणेही लावून देत. उतरण्याच्या जागी स्वयंसेवक पुष्कळ होते, परंतु एकाला सांगितलेले काम तो दुसऱ्याला सांगे व दुसरा तिसऱ्याला. शौचकूपांची दुर्दशा पाहून गांधीजींनी स्वयंसेवकांचे तिकडे लक्ष वेधले, तेव्हा ते भंग्याचे काम, असे उत्तर मिळाले. गांधीजींनी झाडू मागून घेतला. वर्षातून तीन दिवस भरणाऱ्या सभेत स्वयंसेवकांना शिक्षण ते काय मिळणार, अशा आशयाचा विचार त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवला आहे. आपले संमेलन तर एका दिवसाचे. कामाची वाटणी जातीवर करून हात झटकणारे ते स्वयंसेवक सुशिक्षित होते, हे आपण ज्ञातीच्या व्यासपीठावर बसणाऱ्यांनी विसरू नये.

त्याच अधिवेशनातील आणखी एक प्रसंग मला फार आवडतो. दक्षिण आफ्रिकेच्या ठरावावर बोलताना मध्येच घंटा वाजली. पाच मिनिटे झाली नाहीत असे वाटत असतानाही गांधीजी दुखावून खाली बसले. घंटा समाप्तीची नव्हती; दोन मिनिटे उरल्याची ती सूचना होती, आणि हे त्यांना कोणी आधी सांगितले नव्हते. आमच्या पुतणीने हा प्रसंग ऐकल्यावर वहीत लिहून घेतले, ‘वक्त्यांना घंटेचा अर्थ आधी सांगणे’. आज मलाही सांगण्यात आला आहे.

गेल्या वर्षीच्या संमेलनाची व्यवस्था कार्यकारी मंडळाने माझ्या विनंतीवरून तिच्याकडे दिली. तिने काय केले ते आपणांपैकी बहुतेकांच्या लक्षात आले नसेल. आपण प्रमाणपत्रे यादीच्या क्रमाने रचून ठेवीत असू. एखादा विद्यार्थी गैरहजर राहिला की सारा गठ्ठा एका घराने सरके, आणि मग याचे प्रमाणपत्र त्याच्या हाती, व मुले रांगेत उभी राहून आपापसांत अदलाबदल करीत. तिने दारापाशी एक मुलगा बसविला. येणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावापुढे तो खूण करी, आणि गैरहजरांची प्रमाणपत्रे कार्यक्रमापूर्वीच बाजूला काढली गेली. बस, एवढेच. पण गेल्या वर्षी प्रत्येक मुलाच्या हाती त्याचेच प्रमाणपत्र पडले. बोर्डावरील थर्मोकोलची अक्षरे गेली. सजावटीच्या थर्मोकोलवर २०१८ पासून आपल्या राज्यात बंदी आहे, याची आम्हाला गंधवार्ता नव्हती, किंवा असून नसल्यासारखी होती. लग्नकार्यात ध्वनिमुद्रित गाणी वाजविण्यास १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात सवलत आहे, परंतु संमेलनास ती लागू होत नाही, हेही तिच्याकडूनच कळले. उघड्या मैदानावर भोजनोत्तर गायन ठेवू म्हणणाऱ्यांना तिने २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील रात्री दहाची मर्यादा दाखविली. काही ज्येष्ठ सभासद रुष्ट झाले. ‘कालची मुलगी आम्हाला कायदा शिकविते’ हे उद्गार माझ्या कानी आले. उद्गार काढणाऱ्यांत माझा एक जुना विद्यार्थी होता, याचे मला अधिक वाईट वाटले.

ज्या पालकांच्या मुली अशा उमेदवारीस जातील त्यांना चार व्यावहारिक गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. माझ्या पुतणीला त्या दोन महिन्यांचे काहीही मिळाले नाही; प्रवासखर्चही घरचा. कारखान्यांतील शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे व त्यात विद्यावेतनाची तरतूद आहे. महाविद्यालयामार्फत होणारी ही उमेदवारी सामान्यतः त्यात येत नाही. म्हणून विद्यावेतन, कामाचे तास व रात्री घरी पोचविण्याची सोय या गोष्टी आधी विचारून, लिहून घ्याव्यात. विचारण्यात संकोच कसला? लग्नात मानपानाची यादी आपण तीन-तीन वेळा वाचून घेतो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे, आणि दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिचे सभासद कोण, हे मुलीने पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवावे. हे सर्व पाहूनही रात्र होईलच. तेव्हा दारात उभे राहणाऱ्या बापाने प्रथम ‘जेवलीस का’ असे विचारावे. माझ्या भावाने आता ती सवय लावून घेतली आहे.

कार्यकारी मंडळास माझी एक विनंती आहे. संमेलनासाठी राबणाऱ्या तरुण मुलामुलींना आपण आजवर फुकट राबविले. त्यांच्या प्रवासाचा व भोजनाचा खर्च मंडळाने द्यावा, आणि स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीबरोबर त्यांचीही नावे छापावीत. दहा रुपये देणाऱ्याचे नाव आपण छापतो.

त्या खेड्यातील मुलाचा गौरव गेल्या वर्षी झाला. त्याची आई आली होती. मुलाची त्या दिवशी परीक्षा असल्यामुळे तिनेच प्रमाणपत्र स्वीकारले. यादीत त्याचे नाव पहिले घालावे असे मी सुचविले होते. पुतणीने नकार दिला. नावे अकारविल्हे आहेत, ती तशीच वाचली जातील, असे ती म्हणाली. त्याचे नाव सतरावे आले.

घंटा झाली आहे; ती सूचनेची आहे, हे मला ठाऊक आहे. पुढील वर्षाच्या गुणगौरवाचे अर्ज दारालगतच्या मेजावर ठेवलेले आहेत. नाव गुणपत्रिकेवर असेल तसेच, सुवाच्य अक्षरात लिहावे व पालकांचा दूरध्वनी क्रमांक द्यावा. भरलेला अर्ज तेथेच माझ्या पुतणीकडे देऊन पोच घ्यावी. ती पाच वाजेपर्यंत बसलेली आहे. कृपा करून माझ्याकडे कोणी देऊ नये. आज मी कोट घालून आलो आहे.